वीजकेंद्राचा धूर धुवायला युनिटमागे २५ पैसे: हा खर्च परवडतो का?

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं एक अधिसूचना काढली. कोळशावर चालणाऱ्या देशातल्या सुमारे ७८ टक्के वीजकेंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकायची सक्ती आता उरली नाही. चिमणी ठरलेल्या उंचीची असली की पुरे. आणखी ११ टक्के केंद्रांचं काय करायचं ते एकेक प्रकरण तपासून ठरणार, आणि राहिलेल्या ११ टक्क्यांना २०२७ च्या अखेरीपर्यंत धूर स्वच्छ करावाच लागणार.

बातमी आली तसे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, देशाचे अडीच लाख कोटी रुपये वाचले आणि वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागायची टळली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हेच पैसे आता लोकांच्या फुफ्फुसांतून वसूल होणार. दोन्ही वाक्यं ऐकताना पटतात. मात्र त्यामागचा हिशोब सामान्य माणसासमोर फारसा कुणी मांडला नाही. तो इथे मांडते. शाळेतलं गुणाकार-भागाकाराचं गणित येत असेल तर तुम्हालाही तो तपासता येईल.

आधी चिमणीतून निघतं काय ते पाहू. कोळसा जाळला की राख उडते, नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि किंचित पाराही वाफ होऊन बाहेर पडतो. यातली राख डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याविरुद्धची लढाई सर्वांत जुनी. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण अनेकदा ३५-४० टक्क्यांपर्यंत जातं. ती अडवायला ईएसपी नावाचं यंत्र असतं. विजेच्या भारानं राखेचे कण मोठमोठ्या पत्र्यांवर ओढले जातात आणि मग झटकून खाली पाडले जातात. नीट देखभाल केलेला ईएसपी ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतो. त्याचा खर्च तुलनेनं कमी आणि फायदा उघड, त्यामुळे त्यावर आज कुणी वाद घालत नाही.

भांडण आहे ते सल्फर डायऑक्साइडचं, म्हणजे गंधकाच्या वायूचं. हा वायू रंगहीन. चिमणीतून काळे लोट येत नसले की आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, पण हा तिथून निघतच असतो.

‘भारतीय कोळशात गंधक कमी असतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, तर अमेरिकेतल्या काही खाणींच्या कोळशात दोन-तीन टक्के. पण टक्क्यांवर थांबलं की फसगत होते. आपल्या कोळशात राख जास्त म्हणून उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणून एक युनिट वीज करायला कोळसा जास्त जाळावा लागतो. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम धरा. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सव्वातीन ग्रॅम गंधक. गंधकाच्या एका अणूचं वजन ३२, त्याला चिकटणाऱ्या ऑक्सिजनच्या दोन अणूंचंही ३२, म्हणजे जळल्यावर वजन दुप्पट. एका युनिटला साडेसहा ग्रॅम वायू.

साडेसहा ग्रॅम म्हणजे चहाचा दीड चमचा साखर. किरकोळच. आता ५०० मेगावॅटचा एक संच घ्या, म्हणजे एक बॉयलर आणि त्याच्यावर चालणारं जनित्र; एका केंद्रात असे अनेक संच असतात. वर्षभर सरासरी ६० टक्के भारावर चालला तर तो सुमारे २६३ कोटी युनिट वीज बनवतो. साडेसहा ग्रॅम गुणिले २६३ कोटी, म्हणजे वर्षाला १७,००० टन वायू. एका संचाचा! चंद्रपूरच्या केंद्राची एकूण क्षमता २,९२० मेगावॅट आहे, यावरून अंदाज करा.

हा वायू धुऊन काढायच्या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. बॉयलरमधून आलेला धूर एका उंच टाकीतून वर चढतो आणि वरून चुनखडीच्या दुधाळ पाण्याचे फवारे त्याच्यावर पडतात. गंधकाचा वायू चुन्याशी जोडला जातो आणि शेवटी जिप्सम हाती येतो. तोच, जो सिमेंटमध्ये आणि छताच्या पीओपीमध्ये लागतो. समुद्रकाठी आणखी सोपी सोय असते. समुद्राचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असल्यानं तेच फवारता येतं. महाराष्ट्रात हे तंत्र नवं नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात १९८० च्या दशकातच समुद्राच्या पाण्यानं धूर धुण्याची व्यवस्था झाली. दुसरं उदाहरण डहाणूचं, त्याच्याकडे थोड्या वेळानं येते.

खर्चाची बाजू

७ डिसेंबर २०१५ रोजी पर्यावरण मंत्रालयानं वीजकेंद्रांसाठी नवे निकष जाहीर केले. त्याआधी सल्फर डायऑक्साइडला चिमणीच्या तोंडाशी काही मर्यादाच नव्हती, फक्त चिमणी किती उंच असावी याचा नियम होता. नव्या निकषांप्रमाणे ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांना एका घनमीटर धुरात २०० मिलिग्रॅमची मर्यादा आली, आणि २०१७ नंतर सुरू होणाऱ्या संचांना १०० ची. मुदत दोन वर्षांची. ती २०१७ मध्ये संपली तेव्हा २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पडले (कशावरून, ते पुढे येईल) आणि तारखा पुन्हा सरकल्या. २०२२ मध्ये पुन्हा, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा. शेवटी २०२५ ची सूट आली. ५३७ संचांत एफजीडी बसवायचं ठरलं होतं, ते या दहा वर्षांत जेमतेम चाळीसेक संचांत बसलं.

या चालढकलीचीही किंमत मोजावी लागली. २०१९ च्या सुमाराला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अंदाज मेगावॅटमागे साधारण अर्ध्या कोटीच्या आतबाहेर होते. २०२५ मध्ये सरकारी चर्चेत आकडा आला मेगावॅटमागे १ कोटी २० लाख. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, सगळ्यांची मागणी शेवटच्या तारखेजवळ एकदम येणार, त्यात आयातीवरचे निर्बंध आणि कोविड. आज आपण ‘एफजीडी फार महाग’ म्हणतो तेव्हा त्यातला मोठा हिस्सा उशिराचा असतो.

तरी आजचाच भाव धरू. ५०० मेगावॅटला ६०० कोटी रुपये. एवढी रक्कम कुणी एकदम देत नाही, ती घरकर्जासारखी हप्त्यांत फेडली जाते. १० टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर वर्षाचा हप्ता साधारण ७० कोटी. २६३ कोटी युनिटांवर वाटला की युनिटमागे २७ पैसे. सरकार सांगतं त्या आकड्यापाशीच आपण पोचलो. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज अशाच केंद्रांतून येते असं मानलं तर बिल महिन्याला ४० रुपयांनी वाढेल. हे ४० रुपये सगळ्यांना सारखे जाणवत नाहीत हे मला मान्य आहे. ज्यांच्याकडे एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्यांना ते नक्कीच टोचतील, जरी त्यांची युनिटं कमी असली तरी.

आता याच गणितात एक आकडा बदला. संच जुना आहे, सात वर्षांत बंद होणार आहे. तेच ६०० कोटी सात वर्षांत फेडायचे तर वर्षाला १२३ कोटी आणि युनिटमागे ४७ पैसे. किंवा संच नवा आहे पण दिवसा सौरवीज आल्यामुळे तो आधी धरलेल्या भाराच्या निम्म्यावरच चालतो. वीज निम्मी, हप्ता तेवढाच, म्हणून युनिटमागचा खर्च दुप्पट. ‘एफजीडीचा खर्च’ असा एकच आकडा देशभर लागू नसतो. संचाचं उरलेलं आयुष्य आणि तो वर्षात किती तास चालतो, यावर तो दुपटीतिपटीनं फिरतो.

फायद्याकडे जाण्याआधी एक भागाकार करून ठेवू, पुढे लागेल. चांगली एफजीडी १७,००० टनांतला १६,००० टन वायू अडवते. वर्षाचे ७० कोटी भागिले १६,००० टन, म्हणजे टनामागे सुमारे ४४,००० रुपये. मग खरा प्रश्न असा उरतो: हवेत सोडलेला एक टन गंधकाचा वायू ४४,००० रुपयांहून जास्त नुकसान करतो का?

फायद्याची बाजू मोजायची कशी

इथे काम अवघड होतं. जिप्सम मोजता येतो, न झालेला मृत्यू मोजता येत नाही. तो कुणाच्या नावावर नोंदला जात नाही. म्हणून एक लांब साखळी जोडावी लागते.

चिमणीतून निघालेला वायू तसाच राहत नाही. काही तासांत आणि दिवसांत हवेतल्या ऑक्सिजन, ओलावा आणि अमोनियाशी त्याची प्रक्रिया होते आणि त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हेच ते पीएम २.५ मधले कण. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान, त्यामुळे श्वासातून खोल आत जातात. नंतर हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचे जुनाट आजार. हे कण हवेत आठवडाभर तरंगू शकतात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण २०२५ च्या अधिसूचनेवरचा माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो.

संशोधक संगणकाच्या प्रतिकृतीत वारा, पाऊस, रसायनं घालून बघतात की अमुक केंद्राचा वायू थांबला तर कुठल्या जिल्ह्यात पीएम २.५ किती कमी होईल. मग त्या जिल्ह्यात किती माणसं राहतात ते घेतात. मग हवा तेवढी सुधारली तर मृत्यूचा धोका किती कमी होतो हे जगभरच्या आरोग्य अभ्यासांवरून काढतात. आणि शेवटी टळलेल्या मृत्यूंना रुपयांत मांडतात.

या शेवटच्या पायरीवर बऱ्याच जणांना धक्का बसतो. माणसाच्या जिवाची किंमत करता? तर नाही. कुणा एकाच्या जिवाला भाव लावलेला नसतो, भाव असतो धोक्याला. एक लाख वस्तीचं गाव घ्या. प्रत्येकाचा वर्षभरातला मृत्यूचा धोका लाखात एकानं कमी होणार आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जण वर्षाला १०० रुपये मोजायला तयार आहे. गावानं मिळून एक कोटी दिले आणि सरासरीनं एक मृत्यू टळला. कुणाचा ते कधीच कळणार नाही. या एक कोटीला अर्थशास्त्रज्ञ ‘सांख्यिकीय जीविताचं मूल्य’ म्हणतात. हेल्मेट घेताना, गाडीत एअरबॅगसाठी जास्त पैसे देताना आपण हाच हिशोब न बोलता करत असतो.

या पद्धतीत एक खरी खोट आहे आणि ती लपवू नये. लोक किती पैसे द्यायला तयार आहेत हे त्यांच्या खिशावर ठरतं. म्हणून गरीब प्रदेशात हे मूल्य कमी निघतं, आणि तिथला धूर कागदावर ‘स्वस्त’ दिसतो. माझ्या मते एकाच देशातल्या सगळ्या जिल्ह्यांना एकच मूल्य लावावं. बिहारमधल्या श्वासाला मुंबईतल्या श्वासापेक्षा कमी भाव द्यायला सरकारला काही आधार नाही.

आता उलट दिशेनं विचार करू. तो मला नेहमी जास्त प्रामाणिक वाटतो. आपल्या संचाचा वर्षाचा खर्च ७० कोटी. सांख्यिकीय जीविताचं मूल्य एक कोटी धरलं तर एफजीडी परवडायला वर्षाला ७० मृत्यू टळायला हवेत. तीन कोटी धरलं तर २३-२४. मग विचारायचं, एका संचामुळे इतके मृत्यू होतात का?

२०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॉरीन क्रॉपर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातली तेव्हाची आणि २०३० पर्यंत येऊ घातलेली कोळशाची केंद्रं मिळून वर्षाला सुमारे १,१२,००० मृत्यूंना कारणीभूत ठरतील असा त्यांचा अंदाज. देशातल्या पीएम २.५ पैकी सरासरी १३ टक्के वाटा या केंद्रांचा, आणि मध्य भारतात तो भार विशेष मोठा. ही क्षमता तीन लाख मेगावॅटच्या आसपास धरली तर ५०० मेगावॅटच्या वाट्याला ढोबळ सरासरीनं १८७ मृत्यू येतात. हे सगळ्या प्रदूषकांचे मिळून. यातले एक तृतीयांश जरी गंधकाच्या वायूमुळे असले तरी ६० च्या पुढे. म्हणजे एक कोटीच्या मूल्याला हिशोब काठावर येतो आणि तीन कोटींच्या मूल्याला तो स्पष्टपणे एफजीडीच्या बाजूनं झुकतो. माझा हा भागाकार ओबडधोबड आहे, पण काटा कुठे हलतो हे त्यातून दिसतं.

सरासरी काठावर असली की ठिकाण निर्णायक ठरतं. क्रॉपर, सरथ गुत्तीकुंडा आणि इतरांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी ५०० मेगावॅटचा एकच नमुना संच कागदावर देशातल्या आठ ठिकाणी नेऊन ठेवला आणि प्रत्येक ठिकाणी एफजीडीचा नफा-तोटा काढला. संच तोच, यंत्र तेच, पण उत्तर ठिकाणागणिक खूप वेगळं आलं. सर्वाधिक फायदा उत्तरेच्या दाट वस्तीत, आणि ती राज्यं देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी आहेत. समुद्रकाठच्या केंद्राचा बराचसा धूर पाण्यावर जात असेल तर तेवढाच वायू कमी माणसांपर्यंत पोचतो.

सरकारच्या मुद्द्यांत तथ्य किती

सूट देताना आयआयटी दिल्ली, नागपूरची ‘नीरी’ आणि बंगळुरूची ‘नियास’ या संस्थांच्या अभ्यासांचा आधार घेतला गेला. मुद्दे साधारण तीन, आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत.

पहिला, देशभरच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मुळातच कमी आहे. वार्षिक मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आणि बहुतेक शहरं तिच्या बरीच खाली आहेत. हे खरंच आहे. पण मोजणीचं यंत्र वायू मोजतं आणि वायू तोवर सल्फेटचा कण झालेला असतो. तो कण पीएम २.५ च्या खात्यात जमा होतो, आणि त्या खात्यात आपली अवस्था काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. एका वहीत बाकी शून्य दिसते म्हणून कर्ज फिटलं असं होत नाही, ते दुसऱ्या वहीत चढलेलं असतं. दुसरीकडे, अमेरिकी आणि इतर संशोधकांनी उपग्रहांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवलं की २००७ पासून चीननं या वायूचं उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटवलं आणि आपलं ५० टक्क्यांनी वाढलं. चीननं हे कोळसा न सोडता केलं, वीजकेंद्रांवर एफजीडी बसवून आणि ती चालतात की नाही यावर नजर ठेवून.

दुसरा मुद्दा, एफजीडीमुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो. चुनखडीची गंधकाशी प्रक्रिया होताना तो सुटतो, हे रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की दिसतं. किती? एक टन सल्फर डायऑक्साइडमागे साधारण ०.७ टन. आपल्या संचासाठी वर्षाला ११,००० टन. मोठा आकडा वाटतो, पण तोच संच कोळसा जाळून वर्षाला सुमारे २५ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे भर अर्ध्या टक्क्याची. पंप आणि पंखे चालवायला केंद्राची एक-दीड टक्का वीज खर्च होते ती धरली तरी दोन टक्क्यांच्या आसपास. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परावर्तित करून हवा किंचित थंड ठेवतात, तेही कमी होईल, ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण तापमानवाढ थोपवायला लोकांनी विषारी कण श्वासात घ्यावेत, हा मार्ग मला कुठल्याच तर्कानं स्वीकारता येत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: जुन्या संचांवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तोच ईएसपी सुधारायला किंवा इतर प्रदूषण रोखायला वापरा. वर सात वर्षंच उरलेल्या संचाचं गणित पाहिलं, त्यावरून हा मुद्दा काही केंद्रांना चपखल लागू होतो हे कळेल. शिवाय एफजीडीला पाणी लागतं. चंद्रपूरचं केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर चालतं, आणि २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्यामुळे तिथले संच बंद ठेवावे लागले होते. विदर्भात हा खर्च रुपयांत दिसत नसला तरी तो खर्चच आहे. जुन्या, लहान संचांसाठी मधले उपायही आहेत. धुराच्या नळीत कोरडी भुकटी फवारली की काही वायू तिला चिकटतो. भांडवल कमी, परिणामही कमी. दिल्लीजवळच्या दादरी केंद्रातल्या जुन्या संचांवर असा प्रयोग झाला आहे.

पण पैसा ‘दुसरीकडे वापरू’ हा युक्तिवाद तेव्हाच खरा ठरतो जेव्हा तो दुसरीकडे खरोखर वापरला जातो. बहुतेक केंद्रांची एफजीडी रद्द झाली, पण वाचलेल्या पैशाच्या दशांशानं तरी दुसरं काही स्वच्छ करायची योजना त्या अधिसूचनेबरोबर आली नाही.

फायद्यात काय काय धरायचं, हाही जुना वाद आहे. अमेरिकेनं १९९० मध्ये आम्लवर्षा रोखायला वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली. हेतू होता तळी आणि जंगलं वाचवायचा. पुढे २००५ मध्ये झालेल्या एका मूल्यमापनात २०१० सालासाठीचा खर्च वर्षाला ३ अब्ज डॉलर आणि फायदा १२२ अब्ज डॉलर निघाला. त्यातला बहुतेक फायदा तळ्यांचा नव्हताच, माणसांच्या आरोग्याचा होता. नंतर पाऱ्यावरचा नियम आला. त्याचा खर्च वर्षाला ९.६ अब्ज डॉलर, आणि पारा घटल्याचा पैशात मोजता आलेला थेट फायदा फक्त ४ ते ६ दशलक्ष. पण पारा अडवणारी यंत्रं बसवताना गंधक आणि सूक्ष्म कणही कमी होतात, ते धरले की फायदा ३७ ते ९० अब्ज. हा आनुषंगिक फायदा धरायचा की नाही यावरून तिथे एकामागून एक सरकारांनी निर्णय फिरवले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नियम करायचा की नाही हे ठरवतानाच खर्चाचा विचार व्हायला हवा होता. निकाल लागेपर्यंत बहुतेक केंद्रांनी यंत्रं बसवूनही टाकली होती. माझं मत सरळ आहे: टळलेला मृत्यू नियमाच्या शीर्षकातल्या पदार्थामुळे टळला की सोबतच्या, यानं त्या घराला काही फरक पडत नाही. तो धरलाच पाहिजे.

१० किलोमीटरची पट्टी

सरकारनं सगळ्यांना एकच नियम न लावता केंद्रांचे गट पाडले, ही कल्पना मला पटते. वरचा सगळा हिशोब तेच सांगतो. पण गट पाडले कशावरून? दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांहून मोठ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आत असलेलं केंद्र अ गटात. अतिप्रदूषित म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्राच्या किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आत असलेलं ब गटात. बाकी सगळी क, सूट मिळालेली ७८ टक्के ती हीच.

राखेच्या जाड कणांसाठी १० किलोमीटर ही पट्टी चालेल, ते जवळच पडतात. गंधकाचा वायू १० किलोमीटर जाईपर्यंत त्याचा कण बनायला नुकती सुरुवात झालेली असते. त्याची खरी झळ वाऱ्याच्या दिशेनं शे-दोनशे किलोमीटरवरच्या वस्त्यांना बसते, आणि उंच चिमणी त्याला तिकडेच पोचवते. २७५ मीटरची चिमणी एक ग्रॅमही वायू कमी करत नाही. म्हणून वाऱ्याच्या खाली किती माणसं राहतात, संच किती वर्षं चालणार आणि किती तास, या तीन गोष्टींवरून गट पडायला हवे होते. तसं केलं असतं तर आजच्या क गटातली बरीच केंद्रं सक्तीत आली असती, आणि कदाचित अ गटातले काही म्हातारे संच सुटलेही असते.

पैसे कोण देतं आणि धूर कोण घेतं हा प्रश्न यालाच चिकटून येतो. एफजीडीचा खर्च कायद्यातला बदल म्हणून नियामक आयोगाच्या परवानगीनं वीजदरात जातो, म्हणजे तो पुण्या-मुंबईच्या बिलांवरही पसरतो. धूर मात्र विदर्भाच्या आणि छत्तीसगडच्या आकाशात राहतो. वीज आधी कुठल्या केंद्राकडून घ्यायची हे चालू खर्चावर ठरतं, त्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. एफजीडी चालवणाऱ्या केंद्राचा चालू खर्च चुनखडीमुळे थोडा वाढतो, त्यामुळे ते रांगेत मागे जातं आणि न धुतलेल्या धुराचं केंद्र पुढे येतं. २०२१ च्या अधिसूचनेत मुदत चुकवणाऱ्या अ गटाच्या केंद्रांना दंड होता युनिटमागे १० ते २० पैसे. नंतर तो वाढवला गेला, पण २५-३० पैशांचं काम टाळायला २० पैसे दंड ठेवल्यावर लोक काय निवडतील हे सांगायला नको.

डहाणूत गोष्ट वेगळी घडली. १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. ५०० मेगावॅटचं केंद्र १९९५ मध्ये चालू झालं, ते मुंबई उपनगरांना वीज द्यायला. आजूबाजूला चिकूच्या वाड्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. त्यानं एफजीडीचा आग्रह धरला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये ती सुरू झाली. देशात निकष यायच्या आठ वर्षं आधी. वीज घेणाऱ्या मुंबईकरांनी खर्च उचलला आणि चिकूवाल्यांची हवा राखली गेली. खर्च आणि फायदा योग्य खिशांत पडल्याचं आपल्याकडचं हे एक दुर्मीळ उदाहरण आहे.

आता चंद्रपूरकडे बघा. २००९ पासून अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आलेलं शहर, त्याच्या उशाशी केंद्र. गटांच्या व्याख्येप्रमाणे ते ब गटात बसतं, म्हणजे निर्णय तपासून व्हायचा आहे. तिथे तिसरा आणि चौथा संच २१० मेगावॅटचे, १९८५-८६ मधले, चाळिशी गाठलेले. त्यांच्यावर आज एफजीडीसाठी प्रत्येकी अडीचशे कोटी घालण्यापेक्षा बंद व्हायची पक्की तारीख लेखी घ्यावी आणि तोवर ईएसपी ठणठणीत ठेवावा, हे मला पटतं. आठवा आणि नववा संच मात्र प्रत्येकी ५०० मेगावॅटचे, २०१६ मध्ये सुरू झालेले. पुढची पंधरा-वीस वर्षं ते चालणार. दोन्ही मिळून वर्षाला ३४,००० टन वायूचे धनी, आणि धुऊन घ्यायला वर्षाला सुमारे १४० कोटी. एकाच कुंपणाच्या आत दोन वेगळी उत्तरं निघतात. केंद्राला एकच अक्षर चिकटवलं की ती दिसेनाशी होतात. तपासणी करणाऱ्या समितीनं निदान संचागणिक वेगळा कागद करावा, आणि प्रत्येक कागदावर वारा कुठे जातो तेही लिहावं.